पोतदारांचा डावा हात

'रेघोटी' बंद होणार असल्याचं पत्र आलं तेव्हा वृंदा पोतदार म्हशीची शेपटी काढत होती. पत्र मोठं गोड होतं. कंपन्यांना वाईट बातमी द्यायची असली की त्यांच्या भाषेला एकदम पाझर फुटतो. चौदा वर्षांच्या सोबतीबद्दल आभार, शुभेच्छा, पुन्हा आभार, आणि मग तळाशी बारीक अक्षरांत कामाची गोष्ट: एकतीस मार्चला संध्याकाळी सहा वाजता रेघोटीची सेवा कायमची थांबेल. तोवर आपापलं 'वळण' उतरवून घ्यावं. नंतर ते पुसलं जाईल.

वृंदानं शेपटी पुरी केली, पेन खाली ठेवलं, आणि कऱ्हाडातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिला दरदरून घाम फुटला. एक सॉफ्टवेअर गेलं तर दुसरं घ्यावं, त्यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पण जिनं एकाच तव्यावर चौदा वर्षं भाकऱ्या भाजल्यात तिला विचारा.

'चिंगी आणि मथुरा' ही तिची लहान मुलांसाठीची मालिका. चिंगी ही आठ वर्षांची आगाऊ पोर आणि मथुरा ही तिची म्हैस. वृंदा आणि तिचा नवरा निशिकांत दोघं मिळून ती काढत; निशिकांतची धाकटी बहीण हेमांगी गोष्टी लिही आणि मुलीचा व म्हशीचा असे दोन्ही आवाज देई. निशिकांत डावखुरा होता. टेबलासारख्या आडव्या पडद्यापुढे तो डावीकडे बसे, वृंदा उजवीकडे, म्हणजे कोपराला कोपर लागत नसे. मथुरा नेहमी डावीकडून यायची आणि चिंगी उजवीकडून. त्यावर एका समीक्षकानं मोठा गहन लेख लिहिला होता. तो वाचून निशिकांत पोट धरून हसला होता.

रेघोटी एका वेळी एकाच चित्रकाराच्या नावावर चाले. निशिकांतनं नाव घातलं, 'पोतदार'. खरं तर दोघांची नावं वेगळी घालायला हवीत, असं वृंदा म्हणाली होती. एका टेबलावर बसणाऱ्यांना दोन नावं कशाला, असं म्हणून त्यानं विषय संपवला. तिघंही त्याच एका नावानं आत जात.

रेघोटीचं काम समजून घ्यायला फार अक्कल लागत नाही. एका सेकंदाच्या हालचालीला बारा चित्रं लागतात. चित्रकार त्यातली महत्त्वाची दोन-तीन काढतो, मधली भरायचं काम रेघोटीचं. ते करता करता ती हात शिकायची. पेन किती दाबलं जातं, कुठल्या बाजूला कलतं, वाकणावर वेग किती मंदावतो, रेघ संपवताना माणूस पेन उचलतो की ओढत नेतो, सगळं ती टिपून घेई. अक्षराला वळण असतं तसं रेघेलाही असतं. या टिपणालाच 'वळण' म्हणत. पोतदारांचं वळण इतकं पक्कं झालं होतं, की अर्धी रेघ ओढली की उरलेली अर्धी आपोआप यायची आणि ती कधी चुकीची नसे.

चार वर्षांपूर्वी, ऑगस्टात, निशिकांत गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि डॉक्टर यायच्या आत संपलं. मालिका बंद पडणार असं सगळ्यांनीच धरलं होतं. पण पंधराव्या दिवशी वृंदा टेबलाशी बसली आणि तिनं मथुरा काढायला घेतली. जन्मात तिनं म्हैस काढली नव्हती. तरी म्हैस आली. चालताना तिच्या खांद्यांचा तो जड, आळशी हेलकावा आला, कान झाडायची लकब आली, सगळं आलं. चॅनेलवर कुणाला फरक कळला नाही. मुलाखतीत विचारलं की वृंदा सांगायची, दुःखानं मला म्हैस शिकवली. तिला त्याचा अभिमान होता. खरं म्हणजे निशिकांत गेल्यापासून तिच्यापाशी तेवढाच एक अभिमान उरला होता.

फेब्रुवारीभर ती नवीन सॉफ्टवेअर पारखत बसली. पहिलं होतं 'झरझर'. त्यात काढायचं काही नव्हतंच, नुसतं सांगायचं. म्हैस चालते असं म्हटल्याबरोबर म्हैस चालली. तिचं अंग मेण लावल्यासारखं चकाकत होतं आणि पाय कवायतीत पडावेत तसे पडत होते. वृंदानं ते दहा मिनिटांत काढून टाकलं. दुसरं 'पाटी'. त्याला काहीच येत नव्हतं. ओढाल तशी रेघ उमटे, मधली चित्रंसुद्धा स्वतःच काढायची. हे कोण वापरत असेल असं मनाशी म्हणत तिनं तेही बाजूला ठेवलं.

तिसरं 'ओघ'. ते मात्र पेन टेकवताक्षणी तिला आवडलं. शिवाय जुनं वळण जसंच्या तसं आत घ्यायची त्यात सोय होती. आधी, वळण रेघोटीतच ठेवून, त्याची नुसती तपासणी व्हायची. वृंदानं पोतदारांचं वळण तपासणीला लावलं, चहा करून आणला, आणि परत येऊन बघते तो पडद्यावर चार ओळी होत्या. चित्रकार: पोतदार. हात: दोन. उजवा हात: नैसर्गिक, एकसष्ट टक्के. डावा हात: एकोणीस ऑगस्टपासून संपूर्ण पूरक.

एकोणीस ऑगस्टला निशिकांतला अग्नी दिला होता. ती तारीख त्या पडद्याला कशी ठाऊक, हेच तिला आधी कळेना. चहा तसाच ठेवून तिनं ओघच्या मदत केंद्राला फोन लावला.

फोनवर तौफिक मुजावर नावाचा माणूस होता, हळू बोलणारा, समजूतदार. त्यानं एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून फोन केला. रेघोटीत म्हणे एक सोय होती. पक्षाघात, संधिवात अशा काही कारणानं चित्रकाराचा हात लुळा पडला, तर जितकं कमी पडतं तितकं रेघोटी आपल्या पदरचं घालायची. आणि ते चित्रकाराला कळू द्यायची नाही. आधीच खचलेल्या माणसाचं मन दुखावू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आता पोतदार हा तिच्या हिशेबी एकच माणूस होता, दोन्ही हातांनी काढणारा. एके दिवशी त्या माणसाचा डावा हात एकाएकी नाहीसा झाला. हात कापलेल्या माणसाची नसलेली बोटं दुखतात, खाजतात, कारण मेंदू तो हात सोडायला तयार नसतो. रेघोटीनंही तो सोडला नाही, इतकंच.

"म्हणजे इतकी वर्षं म्हैस मी काढत नव्हते?" वृंदानं विचारलं.

"पेन तुम्ही फिरवत होता, मॅडम," तौफिक म्हणाला. "रेघ तुमची नव्हती."

उजव्या हाताचं काय, हे विचारायचा तिला धीर होईना. त्यानंच ते सांगितलं. ज्या हाताला मदत मिळते तो हळूहळू अंग काढून घेतो. चार वर्षांपूर्वी तिचा उजवा हात शंभर टक्के तिचा होता, आज एकसष्ट उरला होता. बाकीचा रेघोटीनं भरून काढला होता. या वेगानं अजून सहा-सात वर्षं. मग पुढे काय, असं वृंदानं विचारल्यावर तो म्हणाला, पुढे काही काळजी नाही, कुणीही पेन टेकवून बसलं तरी चित्रं तुमच्याच हातची येतील. बिचाऱ्यानं हे धीर देण्यासाठीच सांगितलं होतं.

वृंदानं फोन ठेवला आणि आपला उजवा हात बराच वेळ मांडीवर उलटासुलटा करून पाहिला. हात नेहमीसारखाच होता.

हेमांगीला सांगायचं की नाही यात तिचे दोन दिवस गेले. हेमांगी कऱ्हाडला लागूनच असलेल्या मलकापुरात एकटी राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि दादा गेल्यावर ती खचून गेली होती. तिला हे सोसणार नाही असं वृंदाला वाटत होतं. पण बोलावल्यावर आलेल्या हेमांगीनं सगळं शांतपणे ऐकलं, उठून निशिकांतच्या खुर्चीत जाऊन बसली आणि डाव्या हातात पेन घेतलं. जिला चार ठिपक्यांची रांगोळी धड येत नाही ती हेमांगी! तिनं पडद्यावर एक वेडावाकडा फराटा ओढला. फराटा उमटलाच नाही. त्याच्या जागी मथुरेचं कपाळ आलं, मग शिंग, मग ती ओली, भाबडी नाकपुडी.

हेमांगी रडली. वृंदाही रडली, पण दोघींच्या रडण्याचं कारण एक नव्हतं.

त्यानंतर हेमांगी रोज सकाळी दहाला येऊ लागली. चप्पल काढली की थेट त्या खुर्चीत. काम काही नसायचं, नुसतं पेन धरून बसायचं. दादाचा हात हातात घेतल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. पहिले काही दिवस वृंदाला तिची कीव आली. मग एके सकाळी तिचं लक्ष पेनाच्या टोकाकडे गेलं. पेन रेघ ओढत नव्हतं. रेघ पुढे जात होती, केसभरच, पण पुढे, आणि हेमांगीचा हात तिच्यामागून चालला होता. हेमांगीला त्याचा पत्ताही नव्हता. ती म्हशीच्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

वृंदानं आपल्या बाजूला पेन टेकवलं आणि चिंगीची वेणी काढायला घेतली. डोळ्यांत तेल घालून ती टोकाकडे बघत राहिली. वेणीचा पहिला पेड तिच्या हाताबरोबर आला. दुसऱ्या पेडाला रेघ केसभर पुढे गेली. तिनं हात आवरायचा प्रयत्न केला, पण वेणी कशी वळणार हे आता समोर दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते बरोबर होतं. हात आपसूक तिकडे गेला. अशा कितीतरी वेण्या आपण चार वर्षांत काढल्या असतील, आणि त्यातल्या आपल्या कुठल्या, हे आता जन्मात कळायचं नाही, असं मनात येऊन तिनं पेन उचललं.

तेव्हापासून दोघींत कुरबुर सुरू झाली. हेमांगीचं म्हणणं साधं होतं. ओघ घ्यावं, वळण त्यात न्यावं, म्हणजे दादा राहील. वृंदा म्हणे, हा दादा नाही. तो चार वर्षांपूर्वी थांबला, हे त्यानंतर आपल्या मनानं वाढत गेलंय. त्यावर हेमांगीनं विचारलं, माणूस असता तर तोही चार वर्षांत बदललाच असता की नाही? चॅनेलची माणसं नव्या भागाची वाट बघत होती आणि त्यांना जशीच्या तशी मथुरा हवी होती. दिवस सरत चालले.

एकतीस मार्चला दुपारी चार वाजता वृंदा टेबलाशी बसली. हेमांगी शेजारच्या खुर्चीत होतीच. वळण उतरवून घ्यायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात होतं. ते दाबण्याआधी वृंदाला एक गोष्ट बघायची होती. तिनं कोरं पान उघडलं, पेन टेकवलं आणि हात मुळीच न हलवता बसून राहिली. हेमांगीलाही तिनं तेच करायला सांगितलं.

मिनिटभर काही झालं नाही. मग डावीकडून मथुरा आली. पावलं टाकत आली, मध्ये थांबली, कान झाडले. तेवढ्यात उजवीकडूनही रेघ उठली. तिच्या पेनापासून वीतभर दूर चिंगीचा पाय उमटला, मग परकर, मग ती वेणी. चिंगी धावत आली, म्हशीच्या मानेला तिनं मिठी मारली आणि कपाळ टेकून उभी राहिली. मथुरेनं डोळे मिटले. एवढं जिवंत चित्र त्या टेबलावर कधी झालं नव्हतं, निशिकांत असतानासुद्धा नाही. वृंदानं आपल्या हाताकडे बघितलं. तो होता तिथेच होता.

"बघ ना वहिनी," हेमांगी हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दादा आणि तू."

"मी इथे बसलेय, हेमांगी."

हेमांगीनं मान हलवली, पण तिची नजर पडद्यावरून हटली नाही. त्या क्षणी वृंदाला मनापासून भीती वाटली. मरणाची भीती तिला ठाऊक होती, ही तसली नव्हती. पलीकडे निशिकांतच्या शेजारी आपली जागा भरली गेलीय आणि आपण अजून इथेच आहोत, ही भीती होती. तिनं पेन उचललं, हेमांगीच्या हातातलंही काढून घेतलं, आणि वळण उतरवणार नाही म्हणून सांगितलं.

मग जे बोलणं झालं ते दोघींनी नंतर कधी आठवू नये असंच होतं. तुला दादा पुसायचाय, असं हेमांगी म्हणाली. तुला जिवंत माणसापेक्षा रेघ बरी वाटते, असं वृंदा म्हणाली. हेमांगी उठून निघून गेली. वृंदा एकटीच पडद्यासमोर बसून राहिली. सहाला मथुरा आणि चिंगी होत्या तिथेच होत्या, आणि सहा वाजून काही सेकंदांनी पडदा पांढरा झाला. ती ढसाढसा रडली. पण त्या रात्री तिला शांत झोप लागली.

एप्रिलपासून तिनं पाटी घेतली. पहिल्या दिवशीची म्हैस कापूस कोंबलेल्या पोत्यासारखी झाली. चिंगीसुद्धा बिघडली होती. तिचं नाक कुठे बसायचं हेच वृंदाच्या हाताला आठवेना. चाळीस वर्षं चित्रं काढलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी ओठ चावून एक एक रेघ ओढत होती, खोडत होती, पुन्हा ओढत होती. मात्र रेघ पेनाच्या मागून येत होती. तिला हवी तेव्हा येत होती आणि ती थांबली की थांबत होती. तीन आठवड्यांत तिनं एका भागाचं सव्वा मिनिट पुरं केलं. मथुरा अजून पोतंच होती, पण आता ते चालणारं पोतं होतं. वृंदा ते पुन्हा पुन्हा लावून बघायची आणि एकटीच हसायची. हेमांगीला दाखवावं असं तिला फार वाटे. तिनं चार वेळा फोन केला, हेमांगीनं उचलला नाही.

मग एका सकाळी चॅनेलवरच्या मेधा सबनीसांचा फोन आला. नवा भाग मिळाला, बघून आम्ही सगळे गप्पच झालो, असं त्या म्हणाल्या. मथुरा तर मथुराच, पण यावेळची चिंगी! इतकी मोकळी चिंगी तुम्ही आजवर काढली नव्हती. वृंदाताई, तुमच्या हाताला पुन्हा धार आलीय.

वृंदानं अजून काहीच पाठवलं नव्हतं.

तिनं भाग मागवून घेतला. सबंध बावीस मिनिटं. पहिल्याच दृश्यात चिंगी झाडावरून उडी मारत होती आणि हवेत असताना परकर सावरत होती. ती लकब वृंदाची होती. लहानपणी ती स्वतः तसंच करायची, पण चिंगीकडून करून घ्यायचं तिला कधी सुचलं नव्हतं. ती बघत राहिली, आणि तिच्या शेजारी पाटीवर तिचं सव्वा मिनिट तसंच उघडं होतं.

काय झालं असणार ते तिला लगेच कळलं. एकतीस तारखेला वळण उतरवायचं की नाही यावर दोघी भांडल्या, तेव्हा ते आधीच उतरलेलं होतं. रोज दहाला येऊन त्या खुर्चीत बसणाऱ्या हेमांगीला त्यासाठी वृंदाची परवानगी कशाला लागत होती?

मलकापूरला पोचेपर्यंत रिक्षात तिनं सगळी वाक्यं जुळवून ठेवली. माझा हात परत कर, हे पहिलं. मी जिवंत असताना माझ्या नावावर कुणी काही काढायचं नाही, हे दुसरं. तिसरं जरा जास्त कडू होतं. जिना चढताना तिला धाप लागली, तरी ती मनात तेच घोळवत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत खिडकीपाशी तसाच आडवा पडदा होता. त्याच्यापुढे दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. डावीकडे एक पेन आणि उजवीकडे एक, दोन्ही स्टीलच्या पेल्यांना रबरबँडनं बांधून टोकं पडद्याला टेकवलेली. दोन्ही बाजूंनी रेघा उठत होत्या, मध्ये भेटत होत्या आणि पुढे सरकत होत्या. टेबलाच्या कडेला दोन कप चहा होता. निवू नये म्हणून त्यांच्यावर बशा झाकल्या होत्या.

हेमांगी भिंतीशी पाय पसरून मटार सोलत बसली होती. तिचा चेहरा किती वर्षांनी असा निवांत दिसत होता. दारात वृंदाला बघून ती दचकली नाही, रागावलीही नाही. वृंदानं बोलायला तोंड उघडलं, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, वहिनी," ती म्हणाली. "दोघं कामात आहेत."

वृंदानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत आत आली.